जहाजापासून धक्क्यापर्यंत

माझी शिपवरची नोकरी फार मोठ्या जहाजांवर झाली नाही. तीन-चार हजार प्रवासी नेणारी जहाजं मी बंदरात शेजारी उभी असलेली पाहिली, तेवढीच. मी होतो तो शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या लहान जहाजांवर. मोठ्यांना शिरता येत नाही अशा बेटांच्या तोंडाशी ही जहाजं जातात, बाहेर नांगर टाकतात आणि माणसांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर पोहोचवतात. त्या बोटीला टेंडर म्हणतात. मी टेंडर चालवायचो. सकाळी माणसं किनाऱ्याला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. जहाजाचा प्रवास म्हणून लोक ज्याचे फोटो काढतात तो सगळा इतरांचा. माझ्या वाट्याला आलं ते जहाज आणि धक्का यांच्यामधलं अर्धा-पाऊण मैल पाणी.

आमच्या बहुतेक सफरी जुन्या धर्मस्थळांच्या असत. ग्रीसची बेटं, तुर्कस्तानचा किनारा, माल्टा, पुढे काही वर्षांनी जपान. प्रवासी वयस्कर. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, कधी एखाद्या पॅरिशचा गट फादरांसकट. जहाजावर एक अभ्यासक असायचा, तो रात्री जेवणाआधी उद्याच्या जागेवर व्याख्यान द्यायचा. ड्यूटी नसली की मी मागे उभा राहून ऐकायचो. माझं इतिहासाचं शिक्षण तिथंच झालं.

माझ्या गावी, वसईच्या पाचूबंदरला, बोट आणि पाणी यांचं नातं भरती-ओहोटीवर ठरतं. आमच्याकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं आणि उतरलं की होड्या चिखलात कलंडून पडतात. पाणी नसेल तर नाखवा कितीही मोठा असो, त्याला थांबावंच लागतं. एजियन समुद्रात गेलो तेव्हा पहिले काही दिवस मला चैन पडेना. सकाळी धक्क्याची जी पायरी पाण्यावर, तीच संध्याकाळीही पाण्यावर. भरती असते, पण वीतभर. तिथं सगळा कारभार वाऱ्याचा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, आभाळ निळंशार असतं, ढगाचा ठिपका नसतो आणि समुद्र उसळलेला असतो. ढग बघून पाण्याचा अंदाज घेणाऱ्या माणसाला तो वारा समजायला दोन हंगाम लागतात. मी लाटांच्या पाठीवरचा फेस बघायला शिकलो, आणि धक्क्यावरच्या म्हाताऱ्या ग्रीक कोळ्यांकडे बघायला शिकलो. त्यांनी होडीचा दुसरा दोर बांधला की मीही बांधायचो.

टेंडरच्या कामात अवघड भाग बोट चालवण्याचा नसतो. अवघड असतं ते माणसाला बोटीतून धक्क्यावर देणं. बोट वर-खाली होत असते, धक्का स्थिर असतो, आणि मधे ऐंशी वर्षांचं माणूस एक पाय उचलून उभं असतं. तिथं बोटं धरायची नाहीत, ओल्या हातातून बोटं सुटतात. मनगट धरायचं, आणि त्याला आपलं मनगट धरायला लावायचं. मग एका हाताची पकड सैल झाली तरी दुसऱ्याची राहते. लाट बोटीला वर आणते तेव्हा, अगदी माथ्यावर, पाय टाकायला सांगायचं. उतरत्या लाटेवर कधीच नाही. कंपनीच्या प्रशिक्षणात हे शिकवतात. माझ्या बाबांनी मला ते मासळीच्या टोपल्या उतरवणाऱ्या बायकांना हात देताना लहानपणीच शिकवलं होतं. फरक एवढाच होता की जहाजावर मला बोलावंही लागायचं. माणूस घाबरलेलं असलं की त्याच्या मनगटात ते कळतं. तेव्हा मी एखादी लाट मुद्दाम जाऊ द्यायचो, पुढची येईपर्यंत त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारायचो. मागच्या माणसांची घाई होत असली तरी ती लाट जाऊ द्यायचीच.

पॅटमॉस बेटावर मला एक वृद्ध गृहस्थ भेटले. बायबलमधलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, योहानाला ज्या गुहेत सुचलं असं मानतात ती गुहा या बेटावर आहे. तिच्या वर डोंगरमाथ्यावर संत योहानाचा मठ आहे, 1088 साली बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस याने एका संन्याशाला बेट दान दिलं तेव्हापासूनचा. बाहेरून किल्लाच वाटतो, कारण चाचे यायचे. स्काला बंदरातून बस वर जाते. सफरीचं वेळापत्रक असं, की बस, गुहेत वीस मिनिटं, मठात चाळीस, खाली उतरून कॉफी, टेंडर. त्या गृहस्थांनी आदल्या रात्री मला जिन्यात गाठलं. गुडघे दुखत होते त्यांचे, पण त्यांना बस नको होती. बंदरापासून गुहेपर्यंत जुनी दगडी पायवाट आहे, तिने चालत जायचं होतं. "मला सगळ्यात आधी सोड आणि सगळ्यात शेवटी ने," एवढंच म्हणाले.

सकाळी पहिल्या टेंडरमध्ये ते आणि आमचे दोन कर्मचारी, एवढेच होते. संध्याकाळी शेवटच्या टेंडरमध्येही ते एकटे. मठात ते गेलेच नाहीत. दिवसभर गुहेजवळच बसले होते. बसगाड्या येईपर्यंतचा पहिला तासभर आत फक्त एक साधू दिवे पुसत होता आणि हे. त्यांनी मला काय पाहिलं ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण त्यानंतर मी ज्यांना ज्यांना मनापासून ओढ आहे असं दिसलं, त्यांना तेच सांगत आलो: पहिल्या टेंडरने जा, शेवटच्याने या. सफरीच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं. गटाबरोबर फिरणं वाईट नाही, माहिती मिळते, सोबत मिळते. पण देवाच्या जागेत काही वेळ कुणाच्याही घड्याळाशिवाय बसता आलं पाहिजे, आणि तो वेळ बोटवाल्याच्या हातात असतो हे मला तेव्हा कळलं. माझ्या कामाकडे बघण्याची माझी नजर त्या दिवसापासून बदलली.

दुसरी गोष्ट टिनोसची. हे ग्रीसमधलं मारियामातेचं मोठं तीर्थ. 1823 साली तिथं जमिनीत एक चित्रप्रतिमा सापडली आणि त्यावर चर्च उभं राहिलं. बंदरापासून रस्ता सरळ चढत देवळापर्यंत जातो, आणि त्याच्या कडेने गालिच्याची पट्टी घातलेली आहे, कारण नवस फेडणारे लोक धक्क्यापासून गुडघ्यांवर जातात. 15 ऑगस्टला, मातेच्या सणाला, तिथं पाय ठेवायला जागा नसते. आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीलाच पोहोचलो होतो आणि मेल्टेमी जोरात होता. कॅप्टनने मला ब्रिजवर बोलावून विचारलं, टेंडर घालता येईल का? पहिली फेरी घालता आली असती. पण वारा दुपारी वाढतो, आणि सोडलेली माणसं परत आणायची असतात. मी नाही म्हणालो. कॅप्टनने तेच जाहीर केलं.

प्रवासी नाराज झाले. होणारच, आयुष्यभर पैसे साठवून आलेले लोक. देऊळ समोर डोंगराच्या उतारावर पांढरंशुभ्र दिसत होतं. एक बाई डेकवर उभ्या होत्या, त्यांचं माहेर मूळचं ग्रीसचं. हातात मेणबत्ती, जवळजवळ त्यांच्या खांद्याएवढी उंच. मुलीच्या आजारपणात बोललेला नवस होता. मी तिथून जाताना त्यांनी थांबवून विचारलं, तू परत इथे कधी येणार? मी म्हणालो, पंधरा दिवसांनी. त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली.

ती मी दोरखंडांच्या कोठीत, ऊन लागणार नाही अशी, कापडात गुंडाळून ठेवली. गोव्याचा बोसन रोज एकदा बघून यायचा, वाकली तर नाही ना. आमच्याकडे वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेला कुणी निघालं की शेजारपाजारचे त्याच्याकडे मेणबत्त्या देतात, मेणाची होडी देतात, मेणाचा हात-पाय देतात. त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही; बोसनलाही नाही. पुढच्या फेरीला वारा पडला होता. दोन तासांची सुट्टी घेऊन मी ती वर नेली आणि लावली. त्या देवळात छतापासून शेकडो दिवे टांगलेले आहेत आणि त्यांना चांदीची नवसाची चिन्हं लटकवलेली. त्यात कितीतरी चांदीच्या होड्या होत्या. कुठल्या वादळातून कोण सुटला असेल! मी बराच वेळ त्या होड्यांकडेच बघत उभा होतो. त्या बनवून घेणाऱ्यांना डोलकाठी कुठे असते, सुकाणू कसं असतं हे नीट माहीत होतं, कारागिरीत ते दिसत होतं.

जहाजावर रिकामा वेळ मिळे तेव्हा मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल वाचायचो. घरून निघताना आईने बॅगेत घातलं होतं. प्रेषितांची कृत्ये या भागातला सत्ताविसावा अध्याय मी किती वेळा वाचला असेन! पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतात, जहाज वादळात सापडतं, दोन आठवडे भरकटतं. मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची शंका येते. ते बुडीद टाकतात तर वीस वाव पाणी, थोड्या वेळाने पुन्हा टाकतात तर पंधरा. मग नाळेकडून न टाकता मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. देवळात हा उतारा कित्येकदा ऐकला होता, पण मागून नांगर का, हे मला समुद्रावरच सुचलं: सकाळ झाली की नांगरांचे दोर तोडून जहाज सरळ किनाऱ्यावर घालायचं होतं. नाळेकडून नांगर टाकले असते तर जहाज वळून तोंड समुद्राकडे झालं असतं. लिहिणारा माणूस त्या जहाजावर होता, किंवा असलेल्याकडून त्याने नीट ऐकलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याच गोष्टीत खलाशी छोटी होडी पाण्यात सोडून पळून जायला बघतात आणि सैनिक तिचे दोर कापून टाकतात. शेवटी 276 माणसं पोहत, फळ्या धरून किनाऱ्याला लागतात, सगळीच्या सगळी. ते बेट माल्टा. सेंट पॉल्स बे नावाच्या खाडीत प्रवाशांना नेताना अभ्यासक ही गोष्ट सांगायचा. मी टेंडर चालवत ऐकायचो आणि मला त्या कापून टाकलेल्या होडीचं वाईट वाटायचं. ती असती तर म्हातारी माणसं थंडीत भिजली नसती.

माझ्या गावाबद्दल मला खरी जाग आली ती मात्र इफेससला. जहाज तुर्कस्तानच्या कुशादासी बंदरात लागायचं. तिथून बसने इफेससचे अवशेष, मग डोंगरावरचं मेरीचं घर, जिथं ख्रिस्ती येतात तसे मुसलमानही येतात आणि भिंतीवर कापडाच्या, कागदाच्या चिठ्ठ्या बांधून जातात. एकदा कर्मचाऱ्यांना बसमधल्या रिकाम्या जागांवर जायची मुभा मिळाली. मोठ्या नाट्यगृहासमोरून एक रुंद संगमरवरी रस्ता सुटतो, दोन्ही बाजूंना खांब. मार्गदर्शक म्हणाली, हा बंदराकडे जाणारा रस्ता. मी त्याच्या टोकापर्यंत गेलो. पुढे लव्हाळे होते, दलदल होती. समुद्र कुठेच नव्हता. नदीने गाळ आणला, बंदर बुजलं, समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेला. एवढं मोठं शहर त्या गाळाने संपलं.

मला घराजवळचं सोपारा, आजचं नालासोपारा, आठवलं. नालासोपारा म्हणजे माझ्यासाठी स्टेशन, गर्दी आणि बाजार. शाळेत सहलीला तिथल्या स्तूपावर नेलं होतं, तेव्हा आम्ही उतारावरून घसरगुंडी खेळलो. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणला आणि आत दगडी पेटी सापडली. तिच्यात एकात एक करंडक, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि भोवती बुद्धांच्या ब्राँझच्या मूर्ती. सोपाराही बंदरच होतं. खाडीतून जहाजं आत यायची, मग गाळ भरला. इफेससच्या त्या रस्त्याच्या टोकाला उभा असताना हे सगळं पहिल्यांदा जागेवर बसलं.

त्या सुट्टीत घरी आल्यावर मी सोपाऱ्यावर मिळेल ते वाचलं. बौद्ध ग्रंथांत पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. हा सोपाऱ्याचा. समुद्रावर अनेक सफरी केलेला. एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी जहाजावर होते, ते रात्री आणि पहाटे काहीतरी म्हणत. पूर्णाला वाटलं, गाणी आहेत. त्यांनी सांगितलं, हे बुद्धाचं वचन आहे. परत आल्यावर तो बुद्धांकडे गेला आणि भिक्षू झाला. म्हणजे त्याला धर्म भेटला तो जहाजावर, सहप्रवाशांकडून. शिवाय सोपाऱ्यालाच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी सहली काढत. त्याने बोधगयेला जाऊन धर्मयात्रा सुरू केल्या, आणि त्यात तो साधूंना, म्हाताऱ्यांना भेटतो, दान देतो, खेड्यांतल्या लोकांशी बोलतो. आमच्या जहाजाच्या माहितीपुस्तकात धर्मस्थळांची सफर म्हणून जे छापलेलं असायचं, त्याचा इतका जुना विचार माझ्या घरापासून काही मैलांवर दगडावर कोरलेला होता. पॅटमॉसच्या त्या गृहस्थांना मी हे सांगू शकलो असतो तर किती बरं झालं असतं.

जपानच्या सफरी माझ्या शेवटच्या वर्षांत आल्या. वसईत जन्मलेल्या ख्रिस्ती माणसाला नागासाकी हे नाव लहानपणापासून माहीत असतं, अणुबॉम्बमुळे नंतर, आधी संत गोन्सालो गार्सियामुळे. वसईचा मुलगा, वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर लहान वयात जपानला गेला, व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि भाषा येत होती म्हणून दुभाषा होऊन पुन्हा जपानला गेला. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर जे 26 जण क्रुसावर मारले गेले त्यांत तो होता. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं.

जहाज नागासाकीला लागलं तेव्हा मला अडीच तासांची सुट्टी होती. ट्रामने स्टेशनपर्यंत गेलो, तिथून टेकडी चालत. स्मारकावर ब्राँझचे 26 पुतळे एका ओळीत आहेत, पाय जमिनीला न टेकलेले. शेजारच्या संग्रहालयात वाचलं की क्योटोहून त्यांना हिवाळ्यात, एक कान कापून, चालवत आणलं होतं आणि शेवटच्या रात्री ओमुरा उपसागर होड्यांतून ओलांडून नेलं. रात्रभर ते होड्यांतच होते. म्हणजे त्यांनाही कुणीतरी होडीतून किनाऱ्यावर उतरवलं असणार. वल्ही मारणारे तिथलेच कोळी असतील. माझ्या मनातून ते जाईना. हात बांधलेल्या माणसाला मनगट धरून उतरवता येत नाही, दंडाला धरावं लागतं. त्यांत दोघं-तिघं तर पोरवयाची होती.

मी गोन्सालोच्या नावापुढे उभं राहून मराठीत ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हटली. त्याच्या आईला कदाचित आमच्याच किनाऱ्यावरून तो जाताना दिसला असेल.

गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी घरी आलो. पाचूबंदरला आता वलांड्यांवर बोंबील सुकतात तसेच, पोरं मात्र शिपवर किंवा ऑफिसात. भाईंदरहून 2024 च्या फेब्रुवारीपासून रो-रो बोट वसई किल्ल्याच्या धक्क्याला लागते, त्यामुळे पाण्यावरून वसईत येणारी माणसं पुन्हा दिसू लागली आहेत. ओळखीचे, पॅरिशचे, शाळांचे गट मला किल्ला दाखवायला बोलावतात. मी त्यांना आधी दर्या दरवाज्याशी नेतो, कारण 1536 नंतर हा किल्ला बांधणारे पोर्तुगीज समुद्राकडूनच आले. मग सेंट जोसेफचं पडकं कॅथेड्रल, तिथला मनोरा, जेझुइटांचं पुन्हा उभं केलेलं देऊळ जिथं गोन्सालोचा सण होतो. मग नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं मंदिर. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि इथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली 1721 सालची घंटा, भीमाशंकरची, मेणवलीची. त्या आजही वाजतात, हे मला फार आवडतं. गटात हिंदू मुलं असोत की ख्रिस्ती, मी सगळ्यांना सगळीकडे चप्पल काढायला लावतो, पडक्या देवळातही. त्या फरशीखाली माणसं पुरलेली आहेत, दगडांवर नावं आहेत. फोटो काढणाऱ्यांशी माझे वाद होतात. होऊ देत.

आता अर्नाळ्याच्या बेटाचं जमवतोय. तिथं कालिकामातेचं देऊळ आहे, किल्ल्यात त्र्यंबकेश्वर आहे, जवळच पीरांच्या कबरी आहेत आणि बेटावरचे लोक सगळीकडे दिवा लावतात. होडी तिथे वाळूला लागते, तेव्हा हात द्यायला माणूस हवा. एका शाळेच्या बाईंनी तारीख विचारली होती. मी त्यांना आजोबांचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, दशमीला साडेसातला. मुलांना उतरवायला पाणी भरलेलं बरं, ऊनही नको. तेव्हा दशमी ठरली. सकाळी सातला धक्क्यावर यायचं, पहिल्या होडीने जायचं, आणि परत यायची वेळ मी मुद्दाम लिहून दिलेली नाही.